पुन्हा हाताला माती लागू द्या

सातारा-सांगलीकडची कितीतरी मुस्लिम मुले दिवाळीच्या सुट्टीत शेजारच्या पोरांबरोबर किल्ला करत मोठी झाली. दगडविटा, वर ओले गोणपाट, त्यावर लाल माती आणि मोहरी पेरून उगवलेले रान. पुढे दहावी आली, नोकरी आली, संसार आला आणि हात थांबले. आता चाळिशी-पन्नाशीत पुन्हा काही करावेसे वाटते. पण ‘या वयात हे काय पोरकटपण?’ असे घरचे म्हणतील म्हणून आपण गप्प बसतो.

आम्ही म्हणतो, खुशाल बसावे. मात्र या वेळी मोजून करावे. उदाहरण साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्याचेच घेऊ. सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 प्रमाणाच्या नकाशावर दर 20 मीटर उंचीला एक रेषा असते. नकाशा दहापट मोठा केला की प्रमाण 1:5,000 होते आणि ते 20 मीटर म्हणजे 4 मिलिमीटर. खोक्याचा जाड पुठ्ठा साधारण तेवढाच असतो. एकेका रेषेच्या आकाराचा थर कापून एकावर एक चिकटवत गेले की शहरापासून सुमारे 300 मीटर चढलेला डोंगर पंधरा थरांत, 6 सेंटिमीटर उंचीचा उभा राहतो. या प्रमाणात माणूस मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. बाजारातला बोटभर मावळा शेजारी ठेवला, तर तोच डोंगराएवढा! औरंगजेबाच्या फौजेने डिसेंबर 1699 ते एप्रिल 1700 या गडाला वेढा घातला होता. त्याला इतके महिने का लागले, हे ते उभे कडे कापताना बोटांना समजते.

राहिला प्रश्न मोडलेल्या सवयीचा. त्याचे उत्तर आम्हांला सांगली जिल्ह्यातल्या कडेगावात दिसते. ताबूत म्हणजे मुळात करबल्याच्या रौज्याची प्रतिकृती. त्याविषयी आपल्यात मतभेद आहेत. त्यात न शिरता नुसते हातकाम पाहू. कळकाच्या कामट्या, सूत, चिकणमाती आणि कागद यांतून तिथे शंभर फुटांहून उंच ताबूत उभे राहतात. बांधणीही उलटी: आधी कळस, मग पाया. कोरोनाच्या निर्बंधांत 2020 आणि 2021 ची मोहरम मिरवणुकीविना गेली. पुढे काम पुन्हा सुरू झाले. असे काम एका माणसाच्या हातात नसते. गावातल्या मुसलमानांबरोबर हिंदूंकडेही ताबुतांचा मान आहे. एकाला आठवले नाही तर दुसऱ्याला आठवते, म्हातारे सांगतात आणि पोरे बांधतात.

आपली हौस सुटली, कारण ती आपण एकट्याची करून ठेवली. शेजारची पोरे पांगली, अंगण गेले, फरशी आली. म्हणून परतताना एकट्याने परतू नये. पंधरा थर आहेत. ते वाटून द्यावेत. रेषा उमटवायला लेक, कापायला अब्बा, डिंक लावायला धाकटा. अम्मीने लहानपणी किल्ला केला असेल, तर माती कशी कालवायची हे तिलाच विचारावे. आणि दोन-तीन थर शेजारच्या घरीही द्यावेत. ज्या पोरांबरोबर आपण चिखल तुडवला, त्यांची मुले आता आपल्या मुलांना नावाने तरी ओळखतात का, हेही त्यानिमित्ताने कळेल.