नापास कोण?

दहावी-बारावीचे निकाल लागले की उमरगा तालुक्यातील मुरुम या गावी जे दृश्य दिसते, ते महाराष्ट्रातील कोणत्याही नगरपरिषदेच्या गावासारखेच असते. चौकात अभिनंदनाचे फलक लागतात, त्यांवर नव्वदीच्या घरातील आकडे झळकतात, पेढ्यांचे पुडे घरोघर फिरतात. त्याच संध्याकाळी, त्याच गल्लीत, एखाद्या घराचे दार नेहमीपेक्षा लवकर लोटले जाते. फलकावर त्या घराविषयी काही लिहिलेले नसते. आणि आमच्यासारखी वृत्तपत्रेही, काही अघटित घडल्याखेरीज, त्या घराकडे ढुंकून पाहत नाहीत. आज आम्ही त्या लोटलेल्या दाराविषयी लिहू इच्छितो.

शहरातील आमचा वाचक विचारील की, विद्यार्थ्यांच्या मनाचा प्रश्न मांडायला मुरुमच कशाला हवे? याचे कारण असे की, हा प्रश्न म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर कोटा येते, मुंबई-पुण्याची महाविद्यालये येतात. सोलापूर-हैदराबाद महामार्गाच्या आसपासची, कर्नाटकाच्या सीमेला टेकलेली गावे येत नाहीत. मुरुमला महाविद्यालय आहे, साखर कारखाना आहे, आणि ज्याला आपण मध्यमवर्ग म्हणतो तो शिक्षक-कारकून-व्यापाऱ्यांचा वर्गही आहे. सोयाबीन आणि तुरीच्या भावावर ज्यांचे वर्ष ठरते अशी शेतकऱ्यांची घरे त्याहून पुष्कळ आहेत. या सर्व घरांत आज एकच समजूत घट्ट बसली आहे: मुलाने या मातीतून बाहेर पडावयाचे असेल तर मार्ग एकच, आणि तो परीक्षेच्या गुणांतून जातो. ही समजूत सर्वस्वी खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. पाऊस दगा देतो, भाव दगा देतो. गुण तेवढे आपल्या हातचे आहेत असे बापाला वाटले तर त्यात त्याचा दोष काय? परंतु ज्या दोरावर सबंध घराचा भार टांगला, तो दोर पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातात आहे, याचा विसर पडतो आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपविले. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातील होते, आणि कोणत्याही राज्यापेक्षा हा आकडा अधिक होता. ज्या राज्याने फुले, कर्वे आणि भाऊराव पाटील यांच्या नावाने शिक्षणाचा अभिमान बाळगला, त्याच्या वाट्याला हा अग्रक्रम यावा, याची लाज आम्हांस वाटते. मृत्यूचे कारण कधीच एक नसते, हे आम्ही जाणतो. परीक्षा, घरची ओढाताण, आजारपण, एकटेपणा यांची गुंतागुंत सोडवून दाखविणे पोलीस पंचनाम्याला शक्य नसते. शिवाय जे मूल मरत नाही पण आतून विझते, त्याची गणती कोणत्याच अहवालात होत नाही. आमच्या मते खरा प्रश्न त्याचाच आहे.

मुरुमचे हुशार मूल दहावीनंतर बहुधा लातूरला जाते. 'लातूर पॅटर्न'ची कीर्ती आम्ही नाकारत नाही. मराठवाड्यातील मुले पुण्या-मुंबईच्या मुलांहून तसूभरही कमी नाहीत, हे लातूरच्या महाविद्यालयांनी कष्टाने सिद्ध केले, आणि त्या यशात ज्यांनी रात्री जाळल्या त्या प्राध्यापकांचे ऋण मोठे आहे. पण पॅटर्न हा साचा असतो आणि साच्यात सगळेच बसत नाहीत. २०२५ साली वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा देशभर २२ लाखांहून अधिक मुलांनी दिली. पदवीच्या जागा सव्वा लाखाच्या आतबाहेर. म्हणजे साधारण अठरा मुलांमागे एक जागा. उरलेली सतरा मुले आळशी होती काय? गणित साधे आहे, पण खोलीचे भाडे, खाणावळ आणि शिकवणीचे शुल्क भरण्यासाठी ज्याने कर्ज काढले त्या बापाला ते कोणी समजावून सांगत नाही. शिकवणीवाले तर नाहीच नाही.

मुलाला अभ्यासाची गोडी कशाने लागते, या प्रश्नावर गेल्या अर्धशतकात मानसशास्त्राने पुष्कळ काम केले आहे. अमेरिकेतील डेसी आणि रायन या दोन अभ्यासकांनी जे सांगितले त्याचा मथितार्थ असा की, माणसाच्या मनाला तीन गोष्टींची भूक असते: आपण जे करतो ते काही अंशी तरी आपल्या इच्छेने करतो ही जाणीव, आपल्याला ते जमते हा विश्वास, आणि आपण कोणाचे तरी आहोत हा आधार. या तीन कसोट्यांवर आपल्या मुलाचा दिवस घासून पाहावा. शाखा बापाने निवडलेली. दर रविवारच्या चाचणीत क्रमांक खाली सरकत चाललेला. आणि सोबतचा मित्र हा मित्र नसून स्पर्धक, असे त्याला बजावलेले. तिन्ही ठिकाणी उपवास! मग ते मूल पुस्तक उघडून तासन् तास एकाच पानाकडे पाहत बसते, आणि आपण म्हणतो, मोबाइलने बिघडवले.

बक्षिसाची गंमतही अशीच आहे. १९७३ साली लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाडीतील चित्रे काढण्याची आवड असलेल्या मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही मुलांना आधीच सांगितले की चित्र काढलेस तर प्रशस्तिपत्र मिळेल. पत्र मिळाले, पण पुढे काही दिवसांनी, कोणी काही देत नसताना, ही मुले इतरांहून कमी वेळ चित्रे काढताना आढळली. जे खेळ होते ते काम झाले. आपल्याकडे तिसरीच्या मुलाला सायकलीचे, आठवीच्या मुलाला घड्याळाचे आणि दहावीच्या मुलाला मोबाइलचे आमिष दाखविण्यात येते, आणि पुढे बारावीत त्याला शिकण्यातच रस उरला नाही म्हणून आपण आश्चर्य करतो.

येथे आम्हांस स्वतःविषयी थोडे लिहिणे भाग आहे. या आसनावर येण्यापूर्वी आम्ही काही वर्षे शाळेत शिकवीत होतो. तिमाहीचे तपासलेले पेपर परत देताना ते गुणांच्या क्रमाने लावून घेण्याची आमची पद्धत होती. पहिल्याचे नाव प्रथम, शेवटच्याचे शेवटी. त्यामुळे वर्गात चुरस राहते, अशी आमची प्रामाणिक समजूत होती. शेवटच्या मुलाला सर्व वर्गाच्या नजरेसमोरून टेबलापर्यंत चालत यावे लागे, आणि त्याला आपला पेपर शेवटचा आहे हे पुष्कळ आधीच कळलेले असे. लागोपाठ तीन वेळा तो मुलगा एकच होता. चौथ्या वेळी, पेपर द्यावयाच्या दिवशी, तो आला नाही. आम्ही हजेरीपटावर गैरहजेरी मांडली. पुढे त्याने शाळाच सोडली. दाखल्यावर कारणाच्या रकान्यात आम्ही आमच्या हाताने लिहिले: 'घरगुती अडचण'. ती अडचण घरची नव्हती, हे आम्हांस उमगावयास फार वर्षे लागली.

१९६८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रोझेंथाल आणि जेकबसन यांनी कॅलिफोर्नियातील एका प्राथमिक शाळेत शिक्षकांना काही मुलांची नावे देऊन सांगितले होते की, ही मुले या वर्षी चमकतील. नावे वस्तुतः चिठ्ठ्या टाकाव्या तशी निवडलेली होती. तरीही लहान वर्गांतील त्या मुलांची प्रगती इतरांहून अधिक दिसली. परिणाम किती मोठा, यावर पुढे विद्वानांत बराच वाद झाला आणि तो वाद योग्यच होता. पण शिक्षकाच्या नजरेत काय आहे हे मुलाला न बोलता कळते, एवढे सांगण्यास ज्याने दोन वर्षे वर्ग घेतला आहे त्याला प्रयोगशाळेची गरज नाही.

मुरुमच्या बाबतीत या नजरेला आणखी एक पदर आहे, तो भाषेचा. या सीमाभागातील कित्येक मुले घरी कानडी बोलतात, बाजारात उर्दूमिश्रित हिंदी, तांड्यावर लमाणी, आणि शाळेत मराठी. निजामाच्या अमदानीत याच मुलुखातील मराठी मुलांना माध्यमिक शाळेचे दार उर्दूतून ठोठवावे लागे, आणि तो जाच मराठवाड्याने पिढ्यान् पिढ्या सांगितला. तेव्हा परक्या भाषेत अडखळणारे मूल मंद नसते, हे आम्हां मराठी माणसांना तरी कोणी शिकवावयास नको होते. परंतु पहिलीत 'ळ' आणि 'ल' यांत घोटाळा करणाऱ्या लमाणी मुलीला हसणारा वर्ग आणि तो हसू देणारा मास्तर अद्याप संपलेला नाही. ती मुलगी चौथीपर्यंत बोलणे सोडते. तिच्या प्रगतिपुस्तकावर 'शांत स्वभाव' असा शेरा येतो.

मन मोडलेल्या मुलांना उभे कसे करावे, हे या परिसराला अगदीच ठाऊक नाही असे नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक झोपी गेले असता, उमरगा आणि औसा तालुक्यांतील गावे जमीनदोस्त झाली. त्या प्रलयानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुलांना पुण्यास नेऊन त्यांच्या निवासाची आणि शिक्षणाची सोय केली. या मुलांना पुन्हा उभे राहण्यास काय उपयोगी पडले असेल? आमच्या समजुतीप्रमाणे औषधाहून आणि उपदेशाहून अधिक उपयोगी पडली असेल ती साधी दिनचर्या, सारखेच दुःख सोसलेल्या सोबत्यांची संगत, आणि 'तू येथे आमचा आहेस' हे रोज कृतीने सांगणारी मोठी माणसे. भूकंपाने फुटलेले मन आपणांस दिसले, कारण घरे पडलेली दिसत होती. घर उभे असताना मन पडते, ते मात्र आपणांस दिसत नाही.

गेल्या वर्षी, २५ जुलै २०२५ रोजी, विशाखापट्टणम येथील एका सतरा वर्षांच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने देशातील सर्व शिक्षणसंस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक सूत्रे घालून दिली. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा समाजकार्यकर्ता असावा. गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडू नयेत. चारचौघांत त्यांचा पाणउतारा करू नये, असे न्यायालयाने म्हटले. निकाल स्वागतार्ह आहे. तथापि आपल्या शासनयंत्रणेचा स्वभाव ज्यांना ठाऊक आहे, त्यांना पुढचे दिसतेच. एखाद्या विज्ञानाच्या शिक्षकाला दोन दिवसांचे प्रशिक्षण देऊन, त्याच्याच गळ्यात समुपदेशकाची पाटी अडकवून, अहवाल वर पाठविला जाईल. जो शिक्षक सकाळी गुण देतो त्याच्यापाशीच दुपारी मुलाने मन मोकळे करावे, ही अपेक्षा वेडगळपणाची आहे. निवडणूक, सर्वेक्षण आणि पोषण आहाराचे हिशेब यांतून त्या शिक्षकाला स्वतःचे मन मोकळे करावयास सवड मिळते काय, हाही प्रश्न आहेच.

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये १४४१६ या क्रमांकावर 'टेलिमानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. ती सर्वांनी लक्षात ठेवावी. पण ज्या घरात एकच फोन आहे आणि तो बापाच्या खिशात आहे, त्या घरातील मुलीने बापाविषयीचे दुःख सांगण्यासाठी बापाकडेच फोन मागावयाचा काय?

'आमच्या वेळी छड्या खाऊन आम्ही शिकलो, काही बिघडले नाही', असे सांगणारे पत्र या लेखानंतर आमच्या टपालात येणार, हे आम्ही आजच गृहीत धरतो. छड्या खाऊन जे शिकले तेच पत्रे लिहितात. जे शाळा सोडून गेले त्यांची पत्रे येत नाहीत. आणि कायद्याचेच बोलावयाचे तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षेइतकीच मानसिक छळालाही मनाई केली आहे. राज्य मंडळाने गेल्या दशकात दहावीच्या गुणपत्रिकेवरून 'अनुत्तीर्ण' हा शेरा काढला, २०१५ पासून फेरपरीक्षा ऑक्टोबरऐवजी जुलैत घेऊन मुलांचे वर्ष वाचविले. दोन्ही निर्णय शहाणपणाचे. पण कागदावरून पुसलेला शब्द घराच्या ओट्यावर तसाच उच्चारला जातो आहे.

आमची मागणी मोठी नाही. प्रत्येक शाळेला स्वतंत्र माणूस देण्याइतका पैसा नाही, हे उत्तर येण्यापूर्वीच आम्ही सुचवितो की, मुरुम आणि भोवतालच्या गावांतील शाळांचा एक गट करून त्याला एक पूर्णवेळ, पगारी, मराठी आणि कानडी जाणणारा समुपदेशक द्यावा. त्याने आठवड्याचे वार ठरवून प्रत्येक शाळेत बसावे, आणि त्याच्या खोलीचे दार मुख्याध्यापकांच्या दालनातून उघडणारे नसावे. या पदांचा खर्च कोणत्या शीर्षाखाली धरला आहे, हे शिक्षणमंत्र्यांनी विधिमंडळात सांगावे. शाळांनी गुणवार तुकड्या आणि गुणवार बाके या वर्षीपासून मोडावीत. त्याला पैसा लागत नाही. नगरपरिषदेने निकालाच्या दिवशीच्या फलकांना परवानगी देताना जरा विचार करावा. आणि आम्ही आमच्यापुरते ठरविले आहे की, यंदाच्या निकालानंतर या वृत्तपत्रात प्रथम आलेल्यांची छायाचित्रे पहिल्या पानावर येणार नाहीत. त्या जागी फेरपरीक्षेचे वेळापत्रक, अर्जाची मुदत आणि १४४१६ हा क्रमांक छापला जाईल.