थकलेल्या प्रतिभेचा हिशेब

एखाद्या प्रतिभावंताने ऐन भरात लेखणी खाली ठेवली की जग त्याची दोनच कारणे सांगते : एक आळस, दुसरे लहर. जोआक्किनो रोसिनी या इटालियन संगीतकाराच्या वाट्याला ही दोन्ही दूषणे आली. ३ ऑगस्ट १८२९ रोजी पॅरिसमध्ये त्याचा ‘विल्यम टेल’ हा ऑपेरा, म्हणजे संगीत नाटक, रंगभूमीवर आला. तेव्हा त्याचे वय अवघे ३७ वर्षांचे होते आणि त्याची कीर्ती साऱ्या युरोपात पसरलेली होती. पुढे तो आणखी ३९ वर्षे जगला. परंतु एकही नवा ऑपेरा त्याने लिहिला नाही. माणूस मुळात खवय्या, हाती पैसा आला आणि तो सुस्तावला, असा निकाल देऊन अनेकजण मोकळे झाले. हा निकाल देण्यापूर्वी त्याच्या श्रमाचा हिशेब पाहावयास हवा.

रोसिनीचा जन्म १७९२ साली पेसारो या गावी झाला. वडील वाद्य वाजवून पोट भरणारे, आई रंगभूमीवर गाणारी. म्हणजे घर कष्टकरी कलावंतांचे होते. १८१० साली व्हेनिसमध्ये त्याचे पहिले नाटक लागले. तेव्हापासून १८२९ पर्यंतच्या एकोणीस वर्षांत त्याचे एकोणचाळीस ऑपेरे रंगभूमीवर आले. एकट्या १८१२ साली, विशीतच, त्याने पाच नवे ऑपेरे दिले. याला आळस म्हणावयाचे असेल तर उद्योगाची व्याख्याच बदलावी लागेल.

हा वेग कोठून आला? इटलीतील नाट्यगृहे हंगामावर चालत आणि दर हंगामाला नवा माल मागत. ती चालविणारे ठेकेदार होते. नेपल्सचा प्रसिद्ध ठेकेदार बार्बाया तर नाट्यगृहातील जुगाराच्या टेबलांवरही कमाई करीत असे. डिसेंबर १८१५ मध्ये रोममधील आर्जेन्तीना नाट्यगृहाशी रोसिनीने जो करार केला, तो या व्यवस्थेचा उत्तम नमुना आहे. देण्यात येईल ती संहिता त्याने स्वीकारावयाची, गायकांच्या गळ्यांना सोयीची अशी गाणी बेतावयाची, ठरल्या दिवशी काम हाती द्यावयाचे आणि पहिल्या तीन प्रयोगांना स्वतः वाद्यापाशी बसावयाचे. मोबदला चारशे स्कुदी. त्याच नाटकातील प्रमुख पुरुष गायकाला मात्र बाराशे! सुमारे तीन आठवड्यांत लिहिलेले ते नाटक म्हणजे आज जगभर गाजणारे ‘द बार्बर ऑफ सेव्हिल’. त्याच्या आरंभीचे वाद्यसंगीत रोसिनीने स्वतःच्याच जुन्या नाटकातून उचलले. नवे लिहावयास सवड नसलेल्या कारागिराचीच ही युक्ती होय.

शिवाय हा मोबदला एकदाच मिळावयाचा. नाटक गावोगावी गाजले तरी कर्त्याच्या पदरी पुढे काही पडत नसे. ऑस्ट्रिया व सार्डिनिया या राज्यांमध्ये लेखक-संगीतकारांच्या हक्कांना संरक्षण देणारा करार झाला तो १८४० साली, म्हणजे रोसिनी ऑपेरा लिहावयाचे थांबल्यावर. जुन्या यशावर जगता येत नसल्याने नवे निर्माण करीत राहणे भाग होते. उक्त्या कामावर राबणाऱ्या मजुराची आणि या थोर संगीतकाराची स्थिती एवढ्यापुरती एकच होती.

तो थांबला यामागे केवळ हा ताणच होता, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. १८२७ साली आई गेली. मूत्रमार्गाच्या जुनाट आजाराने शरीर पोखरले. १८३० च्या क्रांतीत राजा पदच्युत झाला आणि सरकारने कबूल केलेल्या सहा हजार फ्रँकांच्या वर्षासनासाठी त्याला कोर्टाची पायरी चढावी लागली. ‘स्ताबात मातेर’ ही धार्मिक रचना पुरी व्हावयास दहा वर्षे लागली. तीन आठवड्यांत नाटक उभे करणाऱ्याची ही अवस्था! पुढे निद्रानाश आणि खोल विषण्णतेने त्याला ग्रासले.

१८५५ साली तो उपचारांसाठी पॅरिसला परतला. त्याची पत्नी ओलिम्प हिने वर्षानुवर्षे त्याची शुश्रूषा केली होती. एप्रिल १८५७ मध्ये तिच्या हाती त्याने एक लहानसे हस्तलिखित ठेवले. मेतास्तासिओच्या एकाच कवितेला लावलेल्या सहा निरनिराळ्या चाली त्यात होत्या. ही कृतज्ञतेची भेट होती. तिला ना ठेकेदार होता, ना मुदत. बांध फुटावा तसे झाले. मृत्यूपर्यंत त्याने सुमारे दीडशे छोट्या रचना लिहिल्या आणि त्यांना हसतहसत ‘म्हातारपणीची पापे’ असे नाव दिले. कोणी मुळ्यावर, कोणी लोण्यावर, तर कोणी घसरणाऱ्या आगगाडीवर! शनिवारी संध्याकाळी घरी जमलेल्या मित्रमंडळींत त्या वाजत; प्रकाशकांना त्याने त्या दिल्या नाहीत.

येथे कोणी म्हणेल की, सक्तीखाली ‘बार्बर’ निपजले आणि स्वातंत्र्यात मुळ्याची गाणी. तेव्हा कलावंताला चाबूकच बरा. हा युक्तिवाद गिरणीच्या मालकालाही आवडेल. परंतु याच मोकळ्या काळात, १८६३ साली, रोसिनीने ‘पेटीट मेस सोलनेल’ ही प्रार्थना-रचना लिहिली. मूळ रूपात ती अवघे बारा गायक, दोन पियानो आणि एक हार्मोनियम यांच्यासाठी होती. ती आज त्याच्या श्रेष्ठ कृतींत गणली जाते. आणि चाबकाखाली निपजलेल्या कृतींची किंमत मोजताना पुढचे मौनही त्याच खात्यावर टाकावयास नको काय?

अर्थात हे पुनरुज्जीवन त्याला परवडले, कारण उतारवयात तो श्रीमंत होता. त्याची नाटके गाणाऱ्या समूहगायकांना, स्वरलिपीच्या प्रती काढणाऱ्या लेखनिकांना अशी विश्रांती कोण देणार होते? रोसिनीला हे उमगले नसावे असे म्हणवत नाही. त्याच्या संपत्तीतून पेसारोला संगीतविद्यालय निघाले आणि पॅरिसमध्ये वृद्ध गायकांसाठी निवास उभा राहिला.

परंतु एका धनवंताच्या मृत्युपत्रावर सोपवावा इतका हा प्रश्न लहान नाही. पोटाची चिंता मिटणे ही माणसाच्या मुक्तीची पहिली पायरी. हातातले काम पुन्हा आनंदाने करता येणे ही दुसरी. रोसिनीला दुसऱ्या पायरीवर पोहोचावयास अठ्ठावीस वर्षे लागली. बहुसंख्य श्रमिकांचे आयुष्य पहिलीवरच सरते. विश्रांती आणि निर्मितीचा आनंद हे हक्क म्हणून मागावयाचे, की मोजक्या भाग्यवंतांचे बक्षीस म्हणून दुरून पाहावयाचे, हे ठरविणे आपल्या हाती आहे.