पालट

‘कायापालट’ हा शब्द हल्ली फार स्वस्त झाला आहे. बसस्थानकाला रंग दिला की कायापालट, चौकात कारंजे बसवले की कायापालट. अमरावती-अकोल्याकडच्या बातम्या चाळा, आठवड्याला एखादा तरी हाती लागतोच. (आम्हीही तो वापरला आहे, कबूल.)

त्यातला ‘पालट’ मात्र जुना, कामाचा गडी. हवापालटाला चिखलदऱ्याला जावे, मंत्रिमंडळात खांदेपालट व्हावा, शेतात पिकांचा फेरपालट करावा. कपाशीवर कपाशी घेत राहिले की जमीन थकते. मूग, तूर, हरभरा आला की मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात. शेत तेच, धुरा तोच. फरक दिसतो तो पुढच्या हंगामात. ‘परिवर्तन’ व्यासपीठावर शोभते, पण वखर हाकणाऱ्याच्या तोंडी ते सहसा येत नाही. तो म्हणतो, ‘यंदा पीक पालटलं.’

असाच, गाजावाजा न करता, गावांचा पालट करणारे एक वऱ्हाडात होऊन गेले. शेंडगावात जन्मलेले डेबूजी मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाकडे गुरे राखत, शेती करत वाढले. १९०५ मध्ये घर सोडले आणि पुढे गाडगेबाबा झाले. गावात शिरताच आधी खराटा, कीर्तन रात्री. झाडून झाले की पुढचे गाव. उद्घाटनाची फीत त्यात कुठेच नव्हती.

या अंकात वऱ्हाडातल्या अशाच काही पालटांविषयीचे लेख आहेत. ‘कायापालट’ मात्र एकाही शीर्षकात सापडणार नाही. मुद्रितशोधकाला तशी ताकीदच दिली आहे.