संग्रहालयाकडे जाणारी आडवाट

बीड जिल्ह्यात मुलाच्या हाती पदवी आली की घरात एकच प्रश्न उभा राहतो: नोकरी कोणती? शिक्षकी, पोलीस भरती, स्पर्धा परीक्षा, एवढ्याच वाटा डोळ्यांपुढे असतात. कलेतिहास शिकून संग्रहालयाचा अभिरक्षक होण्याची भाषा कोणी केली तर ती चैन वाटते. ज्या जिल्ह्यातून दरवर्षी असंख्य कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, तेथील आईबापांच्या या शंकेला हसण्यात अर्थ नाही.

तथापि, महाराष्ट्रातील दोन नामांकित संग्रह सरळ वाटेने आलेल्यांनी उभारलेले नाहीत, हेही ध्यानात घेतले पाहिजे. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे रोमशी व्यापार करणारे प्राचीन तगर. तेथील रामलिंगप्पा लामतुरे हे व्यापारी. गावच्या पांढरीत सापडणारी नाणी, मणी, मृण्मूर्ती त्यांनी वर्षानुवर्षे जपल्या. त्यांच्याच नावाचे शासकीय संग्रहालय आज तेरला आहे. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर हे चष्म्यांचे दुकानदार आणि 'अज्ञातवासी' या नावाने लिहिणारे कवी. दिवे, अडकित्ते, वाद्ये अशा नित्याच्या वस्तू त्यांनी गावोगाव हिंडून मिळविल्या, अकाली गेलेल्या राजा या मुलाचे नाव संग्रहास दिले आणि १९७५ साली तो शासनाच्या स्वाधीन केला.

या उदाहरणांवरून 'ध्यास असला की पुरे' असा निष्कर्ष काढणे मात्र भाबडेपणाचे ठरेल. दोघांच्याही आडवाटेला व्यवसायाचा आधार होता. चूल दुकानावर चालली, म्हणून ध्यास टिकला. ऊसतोड मजुराच्या मुलीजवळ असे दुकान नसते. शिवाय आता या क्षेत्रात पदवीची अट आडवी येते. बडोद्याच्या विद्यापीठात संग्रहालयशास्त्राचे शिक्षण १९५२ पासून मिळते. पण दोन वर्षे परगावी राहण्याचा खर्च कोणी सोसावयाचा? गुण सर्वत्र जन्मतात, चुकण्याची मुभा मात्र ज्याच्या गाठीला चार पैसे असतात त्यालाच मिळते.

विषयाची वाण येथे खचितच नाही. अंबाजोगाईची शिवलेणी आणि तिच्या प्रांगणातील दगडी हत्ती, यादव सेनापती खोलेश्वराचे शिलालेख, धर्मापुरीच्या केदारेश्वर मंदिरावरील शिल्पे, बीडचे जलवेष्टित कंकालेश्वर मंदिर हे सारे जिल्ह्याचे धन आहे. महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांकडून त्याची शास्त्रशुद्ध नोंद करून घ्यावी. शासनाने संग्रहालयांत विद्यावेतनासह उमेदवारीची सोय करावी, आणि तेथे वाणिज्याच्या पदवीधराला किंवा तिशी ओलांडलेल्या शिक्षकालाही प्रवेश असावा.

लामतुऱ्यांना आणि केळकरांना जे त्यांच्या दुकानाने दिले, ते या मुलांना समाजाने द्यावयाचे आहे. तसे झाले नाही, तर आडवाटेने जाण्याचा उपदेश गरिबाच्या मुलाला करण्याचा अधिकार कोणालाही उरत नाही.