शेजारणीचा विस्तव

गोत्र पित्याकडून येतें, हें मुंज झालेला कोणताहि बटु सांगेल. परंतु केवळ मातेकडूनच येणारा एक वारसाहि आहे, हें फारच थोड्या घरांत ठाऊक असतें. आपल्या शरीरांतील पेशींत मायटोकाँड्रिया ऊर्फ तंतुकणिका असतात. पेशीच्या त्या चुलीच होत. अन्न व प्राणवायु यांच्या योगानें शक्ति उत्पन्न करणें हें त्यांचें कार्य. त्यांचीं स्वतःचीं ३७ जनुकें असतात. त्यांत दोष असला म्हणजे मेंदु, हृदय, स्नायु अशा पुष्कळ शक्ति लागणाऱ्या अवयवांवर प्रथम घाला येतो, आणि कित्येक अर्भकें पहिला वाढदिवस पाहण्यापूर्वींच जातात.

या रोगांवर रामबाण औषध नाहीं. म्हणून इंग्लंडांत न्यूकॅसल येथील शास्त्रज्ञांनीं मूल जन्मास येण्यापूर्वींच चूल बदलण्याची युक्ति सिद्ध केली. मातेचें बीज व दुसऱ्या एका निरोगी स्त्रीचें बीज, दोन्ही पित्याच्या वीर्यानें प्रयोगशाळेंत फलित करावयाचीं. मग मातेच्या बीजांतील, आईबापांचा वारसा धारण करणारीं दोन केंद्रकें अलगद उचलून दुसऱ्या बीजांत ठेवावयाचीं; त्या बीजांतील केंद्रकें अगोदरच काढून टाकलेलीं असतात. ब्रिटिश पार्लमेंटानें २०१५ सालीं यास कायद्यानें मान्यता दिली, आणि या युक्तीनें ७ मातांच्या पोटीं ८ निरोगी बालकें जन्मल्याचें वृत्त जुलै २०२५ मध्यें प्रसिद्ध झालें.

आतां कोणी म्हणेल, हें तर दोन आयांचें मूल! बीज श्रेष्ठ कीं क्षेत्र श्रेष्ठ, हा वाद मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांतहि आहे. परंतु येथें त्याचें प्रयोजन नाहीं. मनुष्याचीं सुमारें वीस हजार जनुकें केंद्रकांत असतात, व तीं या बालकांत आईबापांचींच आहेत. दात्रीकडून आलीं तीं अवघीं ३७. शेजारणीकडून विस्तव आणून आपली चूल पेटविली, म्हणून स्वयंपाक शेजारणीचा होत नाहीं. तिचे उपकार मात्र स्मरले पाहिजेत.

तथापि हुरळून जाण्याचें कारण नाहीं. कांहीं बालकांत मातेकडील सदोष अंश १६ टक्क्यांपर्यंत आढळला. रोग प्रगट होण्यास लागणाऱ्या प्रमाणाहून तो बराच कमी असला, तरी तीं बालकें मोठीं होईपर्यंत त्यांजवर लक्ष ठेवणें प्राप्त आहे. शिवाय जें मूल रोग घेऊनच जन्मलें, त्यास या युक्तीचा उपयोग नाहीं.

परंतु आम्हांस विशेष काळजी वाटते ती निराळीच. ‘मातेकडून येतो’ एवढेंच अर्धवट ऐकून एखाद्या घरीं सुनेस बोल लावण्यास नवें निमित्त मिळावयाचें! तिला तो दोष बहुधा तिच्या आईकडून व आईस आजीकडून आलेला असतो. तो कोणाच्या कर्तृत्वाचा नव्हे, कीं कुपथ्याचा नव्हे. शिवाय तंतुकणिकांचे पुष्कळ रोग केंद्रकांतील जनुकांमुळेंहि होतात, व तेथें बहुधा मातापिता उभयतांचा वांटा असतो. म्हणून ज्या घरांतून एखादें बालक अशा रीतीनें गेलें असेल, तेथें दुसऱ्याचा विचार करण्यापूर्वीं पतिपत्नींनीं मिळून आनुवंशिक रोगांच्या जाणत्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. पत्रिका मागाहून पाहाव्या. आणि वडील मंडळींनीं तोंवर जिभेस आवर घालावा. जिची कूस रिती झाली, तिला धीर हवा असतो, ठपका नव्हे.