फिर्यादी तोच न्यायाधीश

मुंबई शहरात ई-चलानाची पद्धत २०१६ सालच्या ऑक्टोबरात सुरू झाली आणि पुढे ती राज्यभर पसरली. ह्या पद्धतीस आमचा विरोध नाही, हे प्रथमच सांगून टाकतो. चौकात शिट्टी फुंकून गाडी बाजूस घ्यावी, कागद पाहण्याच्या मिषाने दहा मिनिटे हुज्जत घालावी, आणि अखेर पावतीविना एखादी नोट या हातातून त्या हातात जाऊन उभयतांनी समाधानाने आपापल्या मार्गास लागावे, हा जो प्रकार आपल्याकडे वर्षानुवर्षे चालत आला, त्यास कॅमेऱ्याने काही अंशी तरी आळा घातला. कॅमेरा आडनाव विचारीत नाही, कोणाचा भाचा हे पाहत नाही व चहापाणीही मागत नाही. २०२२ ह्या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर अपघातांनी १,६८,४९१ माणसे मेली, हा सरकारी आकडा ज्यास ठाऊक आहे, तो दंडाच्या नावाने बोटे मोडणार नाही. उलट्या दिशेने गाडी हाकणाऱ्यास जबर दंड झाला तरी आम्हांस त्याचे यत्किंचितही वाईट वाटावयाचे नाही.

आमचा प्रश्न निराळा आहे. ज्याने अपराध केलाच नाही त्याच्या नावे दंड लागला, तर त्याने दाद कोणाकडे मागावी?

असे घडतच नाही, असे कोणी म्हणू नये. चिखलाने माखलेल्या पाटीवरील अंक चुकीचा वाचला जातो. दुसऱ्याच्या क्रमांकाची बनावट पाटी लावून गाडी फिरविणारे भामटे काही थोडे नाहीत. त्यांच्या करामतीचे वृत्तांत वर्तमानपत्रांतून वारंवार वाचावयास मिळतात. विकलेल्या गाडीची नोंद नव्या मालकाच्या नावे न झाल्यामुळे जुना मालक दंड भरीत बसतो. (ह्यात त्या बिचाऱ्याचाही दोष असतोच. राज्यातल्या राज्यात गाडी विकल्यास चौदा दिवसांत खबर द्यावी असे मोटार वाहन कायद्याचे ५० वे कलम सांगते, आणि आपले लोक ती चौदा महिने देत नाहीत.) रुग्णवाहिकेस वाट करून देण्यासाठी कोणी पांढरी रेघ ओलांडली, तर चित्रात रेघ ओलांडलेली तेवढी उमटते, पाठीमागचा भोंगा चित्रात उमटत नाही.

समजा, नालासोपाऱ्यास राहणारा एक मनुष्य दुचाकीवरून घरोघर जेवण पोचविण्याचे काम करतो. त्याच्या मोबाइलवर संदेश येतो की, अमुक दिवशी वरळीस मनाई असलेल्या जागी तुमची गाडी उभी होती, सबब दंड रुपये ५००. चित्र उघडून पाहतो तो गाडी तांबडी. ह्याची तर काळी! आता ह्याने करावे काय? पोलीस खात्याच्या मोबाइल ॲपवर तक्रार नोंदविण्याची सोय आहे. तेथे तो तक्रार करील. पण ती तक्रार वाचणार कोण? ज्या खात्याने आरोप केला, तेच खाते. चूक ढळढळीत असेल तर खाते चलान रद्द करते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु चूक ढळढळीत आहे की नाही हे ठरविणाराही खात्याचाच नोकर. त्याने तक्रार फेटाळली तर खात्याबाहेरचा तिऱ्हाईत मनुष्य गाठावयास न्यायालयावाचून दुसरे स्थळ नाही.

मग न्यायालय आहेच की, असे कोणी म्हणेल. आहे खरे. महाराष्ट्रातील ह्या कामाचे पहिले आभासी न्यायालय २०२० सालच्या ऑक्टोबरात तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या हस्ते नागपुरास सुरू झाले. तेथे आरोप कबूल करून घरबसल्या दंड भरता येतो. परंतु आरोप नाकबूल केला, की प्रकरण नेहमीच्या दंडाधिकाऱ्याकडे जाते आणि तारखा सुरू होतात. म्हणजे अपराध्याला घरबसल्या सुटका, आणि निरपराध्याला कचेरीच्या पायऱ्या! पाचशे रुपये वाचविण्यासाठी नालासोपाऱ्याच्या त्या मनुष्याने दोन दिवसांची मजुरी बुडवावी काय? वकिलाची फी निराळीच. तो हिशेब करतो, एक सुस्कारा टाकतो आणि पैसे भरतो. सरकारदप्तरी तो गुन्हेगार ठरला. कायद्याच्या १७७ व्या कलमात पहिल्या अपराधास ५०० रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे, तो पुन्हा केलेल्या अपराधास १,५०० पर्यंत जातो. तेव्हा आज नाइलाजाने भरलेले पाचशे उद्या त्याच्याच अंगावर उलटण्याची भीती आहे.

लोकअदालतीचा मार्गही पुष्कळांस सांगितला जातो. १९८७ च्या कायद्याने निघालेली ही संस्था तडजोडीची आहे, आणि तडजोडीच्या कामी ती उपकारकच आहे. पण जेथे एकाने काहीच केलेले नाही, तेथे तडजोड कशाची? पाचशेचे अडीचशे करून घेणे म्हणजे अर्धा अपराध कबूल करणे होय. आणि लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. तेलंगण सरकारने २०२२ साली तुंबलेल्या दंडावर दुचाक्यांस पाऊणपट सूट दिली. कर्नाटक सरकारने २०२३ च्या फेब्रुवारीत निम्मी दिली, आणि लोकांनी रांगा लावून पैसे भरले. दंड योग्य होता तर तो निम्मा का केला? योग्य नव्हता तर पुरा का आकारला? आणि ज्याने मुदतीत पुरे पैसे भरले, तो प्रामाणिक गृहस्थ मूर्ख ठरला तो वेगळाच. शिक्षेचा असा मोसमी बाजार भरू लागला म्हणजे लोकांच्या मनातून कायद्याचा धाक जातो व आदरही जातो.

फिर्यादी आणि न्यायाधीश एकच असू नयेत, ही मागणी आमच्या लोकांस नवी नाही. जिल्ह्याचा जो अधिकारी वसुली व बंदोबस्त पाहतो, त्याच्याच हाती फौजदारी न्याय असू नये, म्हणून १८८६ सालच्या कलकत्त्याच्या राष्ट्रसभेने ठराव केला होता. मामलेदाराच्या कचेरीत एकाच खुर्चीवर बसून सारा वसूल करणारा आणि शिक्षा ठोठावणारा अंमलदार ज्यांनी पाहिला होता, त्यांस त्या ठरावाचे मर्म समजावून सांगण्याची गरज नव्हती. पुढे राज्यघटनेच्या ५० व्या अनुच्छेदात तेच तत्त्व शब्दबद्ध झाले. खुनाच्या खटल्यात आपण ते पाळतो. पाचशे रुपयांच्या चलानात मात्र रक्कम लहान म्हणून ते पातळ केले, आणि सामान्य मनुष्याची सरकारशी गाठ पडते ती बहुधा ह्या लहान रकमांतच पडते.

केंद्र सरकारने २०२१ च्या ऑगस्टात केलेला १६७-अ हा नियम वाचला तर हेतू वाईट नव्हता असे दिसते. यंत्रास मान्यतेचा दाखला असावा, कॅमेरा आहे अशी पाटी रस्त्यावर ठळक लावावी, चलानासोबत अपराध व क्रमांक स्पष्ट दिसेल असे चित्र असावे, नोटीस अपराधापासून पंधरा दिवसांत पाठवावी, प्रकरण मिटेपर्यंत पुरावा जपून ठेवावा, हे सर्व त्यात आले. पण सोळाव्या दिवशी निघालेली नोटीस आपोआप रद्द होईल, असे त्या नियमात लिहिले नाही. नागरिकाने मुदत चुकविली तर त्याच्यावर बोजा चढतो. खात्याने चुकविली तर कोणाचेच काही बिघडत नाही!

लंडन शहराने ह्याच अडचणीवर काढलेली तोड पाहण्याजोगी आहे. १९९१ च्या कायद्याने तेथील गाडी उभी करण्याचे बहुतेक अपराध फौजदारीतून काढून स्थानिक नगरसंस्थांच्या हवाली केले. पुढे बसमार्गात शिरणे वगैरे बाबीही त्यांत आल्या. दंड नगरसंस्था करते आणि पहिली हरकतही तिच्याकडेच करावी लागते. परंतु मालकाने रीतसर हरकत घेतल्यावर तिने छपन्न दिवसांत उत्तर दिले नाही, तर हरकत मान्य झाली असे कायदा धरतो. तिने हरकत फेटाळली, तर प्रकरण स्वतंत्र निवाडाधिकाऱ्याकडे नेता येते. हा निवाडाधिकारी कायदा शिकलेला असतो, नगरसंस्थेचा नोकर नसतो. अपिलास फी नाही, वकील लागत नाही, समक्ष जाण्याचीही सक्ती नाही. नगरसंस्थेस आपला पुरावा पुढे मांडावा लागतो आणि निकाल कारणांसह लेखी मिळतो. तेथे सर्वच गोमटे आहे असे मात्र नाही. चौदा दिवसांत पैसे भरल्यास दंड निम्मा होतो, आणि अपिलापर्यंत जाणारास ती सवलत बहुधा सोडावी लागते. तेव्हा निरपराध्यास पैसे भरून मोकळे होण्याचा मोह तेथेही आहे. भरधाव वेगाचे अपराध तर तेथे अजून पोलीस व फौजदारी न्यायालय यांच्याकडेच आहेत. तथापि उभ्या गाडीबद्दल का होईना, खात्याबाहेरचा एक कान फुकट उपलब्ध आहे, ही गोष्ट लहान नव्हे.

असे आमच्याकडे केले तर जो तो अपील करील आणि काम तुंबेल, अशी भीती खाते घालील. खोटी अपिले येतील, हे कबूल. आपल्या लोकांस हेल्मेट डोक्यावर घालण्यापेक्षा आरशास टांगणे अधिक प्रिय आहे, आणि पकडला गेल्यावर निर्दोषपणाची शपथ वाहण्यात कोणी मागे राहत नाही. परंतु चित्र स्पष्ट असेल तर असले अपील पाच मिनिटांत निकालात निघेल. तुंबेल ते चित्र अस्पष्ट असणारांचे, आणि ती चलाने मुळात पाठवावयासच नको होती.

आमची सूचना अशी की, गृहखात्याच्या हुकमतीबाहेरचे, निवृत्त न्यायाधीश किंवा अनुभवी वकील यांमधून नेमलेले निवाडाधिकारी सरकारने प्रत्येक जिल्ह्यास द्यावेत. त्यांनी मराठीतून, गरज पडल्यास दूरध्वनीवरून, फीशिवाय ऐकून घ्यावे. खात्याने ठरल्या तारखेस पुरावा न धाडल्यास चलान रद्द समजावे. आणि तक्रार पडून असेपर्यंत त्या दंडासाठी कोणाची गाडी रस्त्यात अडवू नये. केंद्राच्या कायद्यात ह्यास किती वाव आहे हे विधिखात्याने तपासावे व अपुरा असेल तर दिल्लीस लिहावे. तोपर्यंत येत्या अधिवेशनात एखाद्या सभासदाने गृहमंत्र्यांस एवढे तरी विचारावे की, गेल्या वर्षी चलानाविरुद्ध किती तक्रारी आल्या, त्यांपैकी किती चलाने रद्द झाली, आणि ज्यांच्या तक्रारी फेटाळल्या त्यांपैकी किती जणांस कारण लेखी कळविले.