फेमस फाइव्ह, मुक्काम तानसा

आमच्या एचआरला दर वर्षी मे महिन्यात एकच साक्षात्कार होतो : टीम बाँडिंग कमी पडतंय! मग बस ठरते, टी-शर्ट छापले जातात आणि चाळीस माणसं शनिवारी पहाटे अर्धवट झोपेत ऑफिसच्या गेटवर जमतात. यंदाची स्वारी होती तानसाच्या बाजूच्या एका रिसॉर्टवर. नाशिक हायवे, शहापूर, आटगाव आणि मग डावीकडे जंगलात.

थीम होती ‘डिटेक्टिव्ह ट्रेझर हंट’. पाच-पाच जणांच्या टीम. आमच्या टीमचं नाव ठरायला तीन सेकंद लागले. फेमस फाइव्ह!

‘‘ते बीबीसीवालं?’’ आमच्या टीममधल्या तेवीस वर्षांच्या ज्युनिअरने विचारलं. तिने 2023 मध्ये आलेली नवी सीरिज पाहिली होती. मी म्हटलं, ‘‘नाही गं, आमचं फेमस फाइव्ह त्याच्या आधीचं. आणि बाय द वे, मी या जंगलात एक केस सॉल्व्ह केलेली आहे.’’

सगळे टाळ्या वाजवत मागे लागले, सांग ना, सांग ना. मी विषय बदलला. तेव्हा सांगितलं नाही, ते आज तुम्हाला सांगते.

साल 1998. मी अकरा वर्षांची. काकांची नोकरी धरणावरची, क्वार्टरही तिथेच. सुट्टी लागली, की आम्ही चौघं भावंडं ठाण्याहून कसारा लोकल पकडायचो, आटगावला उतरायचो आणि पुढे जीपमध्ये कोंबून घ्यायचो. तानसा म्हणजे 1892 साली पुरा झालेला दगडी बांध, त्याच्यामागे डोळ्यांत न मावणारं पाणी, भोवती सागाचं रान आणि लांबवर माहुलीचे सुळके. आणि त्या रानातून मुंबईकडे निघालेले लोखंडी पाइप. एवढे जाड, की आत माणूस उभा राहील. पाणी मुंबईपर्यंत नुसत्या उतारानेच जातं, पंप लागत नाही. काका हे अशा थाटात सांगायचे, की जणू उतार त्यांनीच काढून दिलाय.

त्या वर्षी लंडनच्या मावशीने एक व्हीएचएस कॅसेट पाठवली होती. काकांनी शहापूरहून व्हीसीआर भाड्याने आणला. लाइट असेल तेव्हा बघायचं, जाईल तेव्हा पुढे काय होणार यावर भांडायचं. कॅसेटमध्ये होते फेमस फाइव्ह. एनिड ब्लायटनने 1942 ते 1963 या काळात या पोरांवर एकवीस पुस्तकं लिहिली आणि 1978-79 मध्ये इंग्लंडच्या सदर्न टेलिव्हिजनने त्यांची सीरिज काढली. सव्वीस भाग. शूटिंग हॅम्पशायरमधल्या न्यू फॉरेस्टच्या परिसरात. पुस्तकं जुन्या काळातली, पण पडद्यावरची पोरं मात्र सत्तरच्या दशकातल्या कपड्यांत! ज्युलियन, डिक, अॅन ही भावंडं, त्यांची चुलत बहीण जॉर्ज आणि तिचा कुत्रा टिमी. जॉर्जचं खरं नाव जॉर्जिना. पण तिला मुलगी म्हटलेलं चालायचं नाही. केस बारीक कापलेले, बोट स्वतः वल्हवणार, कोणाच्या बापाला भिणार नाही.

अर्थात मला जॉर्ज व्हायचं होतं.

पण रोलवाटप दादाने केलं. दादा सर्वांत मोठा, म्हणून ज्युलियन. बंटी डिक. जॉर्ज झाली मिनी, कारण ती रडली असती. आणि मी अॅन. अॅनचं काम काय? सँडविच करणं आणि घाबरणं. टिमी म्हणून क्वार्टरमागचा मोत्या पकडला, पण तो पोळी मिळेपर्यंतच ड्युटीवर असायचा. जिंजर बिअरऐवजी काकूचं कोकम सरबत. (ते ‘लॅशिंग्ज ऑफ जिंजर बिअर’ प्रकरण पुस्तकांत नाहीच हं! ते 1982 च्या ‘फाइव्ह गो मॅड इन डॉरसेट’ या टीव्हीवरच्या विडंबनाने पसरवलं.)

सगळं होतं. फक्त गुन्हा नव्हता.

आणि एका रात्री जेवताना काका काकूला म्हणाले, ‘‘खालच्या अंगाला व्हॉल्व्हशी कोणीतरी पाण्याची चोरी करतंय.’’

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी बंटीकडे. बंटीच्या हातातला घास तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी आजोबांचं भिंग, एव्हरेडीचा टॉर्च आणि शंभर पानी वही घेऊन आम्ही पाइपलाइनच्या बाजूच्या कच्च्या रस्त्याने निघालो. तो व्हॉल्व्ह सापडला. थेंब थेंब गळत होता. खाली चिखल, चिखलात अनवाणी पावलांचे ठसे आणि एकात एक अडकलेले गोल गोल वण. दादाने ते वहीत काढून घेतले. आणि मग बंटीला झुडपाखाली मुख्य पुरावा सापडला. जुन्या लुगड्याच्या चिंधीचं, पिळून गोल वळलेलं एक कडं.

दादा म्हणाला, ‘‘टोळीची खूण असणार.’’

आम्ही ते प्लॅस्टिकच्या पिशवीत सील केलं. वर तारीख टाकली.

ती चुंबळ होती हो! डोक्यावर हंडा ठेवताना खाली घेतात ती. घरी काकूला नुसती दाखवली असती, तरी केस तिथेच मिटली असती. पण डिटेक्टिव्ह काकूला विचारत नाहीत. आज वाटतं, आमच्यात फास्टर फेणे असता तर? भा. रा. भागवतांचा बनेश फेणे. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर सुमीत राघवनने केला तो आणि 2017 च्या सिनेमात अमेय वाघने. फेणे पुण्यात शिकायला आलेला, पण मूळचा फुरसुंगीचा. त्याने ‘ट्टॉक’ करून सांगितलं असतं, अरे गाढवांनो, ही चुंबळ! आम्ही ठाण्याच्या फ्लॅटमधले. नळ फिरवला की पाणी येतं, एवढंच आम्हाला ठाऊक. डोक्यावरून येणारं पाणी आम्ही सिनेमातच पाहिलेलं.

पहाटे साडेचारला सापळा लावला. करवंदीच्या जाळीमागे आम्ही चौघं. मोत्या आलाच नाही. उजाडायच्या बेतात दोन सावल्या आल्या. एक म्हातारी आणि एक मुलगी. मुलगी माझ्याच वयाची. केस बारीक कापलेले, अगदी जॉर्जसारखे. बहुतेक उवा झाल्या म्हणून कापले असावेत. तिने पळसाचं एक पान दुमडून व्हॉल्व्हच्या फटीत बसवलं. त्याबरोबर थेंबांची धार झाली, बारीक पण सरळ कळशीत पडणारी. एक थेंब खाली सांडत नव्हता. म्हातारी उकिडवी बसली. कळशी भरेपर्यंत दोघी एक शब्द बोलल्या नाहीत.

मिनी शिंकली.

मुलगी दचकली नाही. पुढे आली. आम्हा चौघांकडे, टॉर्चकडे, दादाच्या वहीकडे तिने एकदा पाहिलं आणि विचारलं, ‘‘पानी पायजे का?’’

तिला वाटलं, आम्हाला तहान लागलीय.

मिनीने ओंजळ पुढे केली. तिने कळशीतून पाणी घातलं. मिनी प्यायली, मग बंटी प्यायला. मीसुद्धा प्यायले. थंडगार पाणी. मग आम्ही धावत घरी गेलो आणि काकांना सगळं सांगितलं.

काका खूश! काकांची तरी काय चूक? गळती बंद करणं हे त्यांचं कामच होतं. दुपारी फिटर आला, पाना लावला, नवा वायसर घातला. अर्ध्या तासात व्हॉल्व्ह कोरडा. रविवारी आम्हाला शहापूरला नेऊन एकेक कसाटा खायला घातला. दादाने वहीत लाल पेनने लिहिलं : केस क्लोज्ड.

परत येताना जीपमधून ती दिसली. भर बारा वाजता, डांबरी रस्त्याच्या कडेने, डोक्यावर रिकामी कळशी घेऊन उलट्या दिशेला चालली होती. म्हणजे दुसरं पाणी त्या दिशेला होतं. किती लांब, ते मला कळलं नाही. तिने जीपकडे पाहिलं. मी हातातला कसाट्याचा कागद खाली लपवला. का लपवला, हे कळायला पुढे बरीच वर्षं लागली.

आपल्याकडे ऑफिसात प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये ‘व्हाय’ची स्लाइड असते. आमच्या तपासात तेवढीच नव्हती. कोण, कुठे, किती वाजता, हे सगळं काढलं. का, हे विचारलंच नाही. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी तानसा आणि भातसा याच शहापूर तालुक्यातले. आणि याच तालुक्यातल्या गावपाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातात. घरामागून पाण्याने भरलेला पाइप जातोय आणि घरात हंडा रिकामा. ‘चोरी’ हा शब्द नक्की कोणाला लावायचा, हा प्रश्न अकराव्या वर्षी पडला नाही, ते एक ठीक. पण पस्तिशीपर्यंत पडला नाही, हे काही ठीक नाही.

नंतर कधीतरी एका सेलमध्ये ‘फाइव्ह फॉल इंटू अॅडव्हेंचर’ मिळालं, 1950 चं. त्यात जो नावाची एक फाटक्या कपड्यांतली भटकी मुलगी आहे. दिसायला हुबेहूब जॉर्ज! आधी ती गुन्हेगारांना सामील असते आणि शेवटी तीच जॉर्जला सोडवायला मदत करते. ब्लायटनच्या पुस्तकांत भटक्या लोकांवर संशय पटकन जातो, ही टीका जुनी आहे आणि खरीही आहे. पण निदान तिने जोला शेवटी मैत्रीण तरी होऊ दिलं. आम्ही तेवढंही केलं नाही. आम्ही पाणी प्यायलो आणि पळालो.

तर, ट्रेझर हंट. तिसरा क्लू होता ‘दिवसा जागणारं घुबड’. रिसॉर्टवरचा गाइड पोरगा हसून म्हणाला, ‘‘रानपिंगळा, मॅडम.’’ त्या पक्ष्याची गोष्ट मला माहीत होती, पण तिथे उभं राहून आठवली तेव्हा अंगावर काटा आला. 1884 नंतर तो कोणाला खात्रीने दिसलाच नव्हता. सगळे समजत होते, संपला. फक्त एका मोठ्या इंग्रज साहेबाचं म्हणणं, आपण तो 1914 मध्ये गुजरातेत मिळवला. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागन, लष्करातलं बडं नाव. पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधक बाईंना त्या नमुन्याचा संशय आला. साहेबाने म्युझियममधला दुसऱ्याने जमवलेला जुना पक्षी चोरून त्यावर आपली चिठ्ठी लावली होती! त्याचा पत्ता खोटा ठरवून, खऱ्या नमुन्यांच्या जागांवर शोध घेतला आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला. 2014 मध्ये तो इथे, तानसाच्या अभयारण्यातही दिसला.

म्हणजे बघा, याला म्हणतात तपास. बाईंनी संशय घेतला तो कर्नलवर. आम्ही घेतला तो कळशीवालीवर.

आमची टीम दुसरी आली. गिफ्ट व्हाउचर मिळालं. संध्याकाळी सगळे स्विमिंग पूलमध्ये उतरले तेव्हा गेटमधून एक टँकर आत येत होता. मी चपला घातल्या आणि पाइपलाइनच्या रस्त्याने निघाले. ज्युनिअर मागे धावत आली. ‘‘आता तरी सांग ना ती केस.’’

चालता चालता तिला सगळं सांगितलं. व्हॉल्व्ह सापडला नाही. सगळे सारखेच दिसत होते. पुढे पाड्यावर दोन बायका ओट्यावर बसल्या होत्या. मला विचारायचं होतं. पण विचारणार काय? 1998 साली इथे एक मुलगी होती, बारीक केसांची?

‘‘नाव काय होतं तिचं?’’ ज्युनिअरने विचारलं.

दादाची ती वही अजून आमच्याकडे आहे. गेल्या दिवाळीत पाहिली. ठसे, वेळा, नकाशा, सगळं टापटीप. शेवटच्या पानावर तक्ता आखलाय. संशयित : एक मुलगी. वय : अंदाजे 11. हत्यार : पळसाचं पान.

नावाचा रकाना कोरा आहे.